नाबोर मास्तरांचा हात आणि जनरलचा पाय

माझे वडील नाबोर मास्तर हाडवैद्य आहेत. आमच्या सांता रिता गावात कुणाचा खांदा निखळला, घोटा मुरगळला, मान लचकली की ते माणूस आधी आमच्या ओसरीतल्या बाकावर येऊन बसतं आणि मग देवाचं नाव घेतं. हाताची कला असलेल्या माणसाला आमच्याकडे मास्तरच म्हणतात, मग तो गवंडी असो नाहीतर हाडवैद्य. सोळाव्या वर्षी बाबांनी खेचरावरून पडलेल्या आपल्याच काकाचं कोपर बसवलं, त्याला आता पंचावन्न वर्षं झाली. तेव्हापासून ‘तुमचं चुकलं’ असं या माणसाला कुणी म्हणालेलं नाही. आई म्हणायची, पण तिला जाऊन अकरा वर्षं झाली. आता ते काम माझ्याकडे आलंय आणि मला ते जमत नाही.

मी इमेल्दा. वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही, का ते विचारायचं नाही. घराच्या पुढच्या खोलीत माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. शाळेचे नकाशे, फायली, झेरॉक्स. मागे अंगण, अंगणात अ‍ॅव्होकॅडोचं झाड, आणि त्या सगळ्याचा मालक जनरल.

जनरल म्हणजे आमचा मोर. एका गुरंवाल्याची कंबर बाबांनी जाग्यावर आणली, तर त्यानं खूश होऊन बुटाच्या खोक्यात मोराचं पिल्लू आणून दिलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. पिल्लू मोठं झालं, छाती काढून चालायला लागलं आणि बाबांनी त्याला हे नाव दिलं. ज्यांना मोर आवडतो त्यांनी तो लांबूनच बघावा. आमचा पहाटे पाचला अशी बोंब ठोकतो की शेजारच्या गल्लीतली बाळं उठतात. माझी कोथिंबीर त्यानं चार वेळा उपटली. झेरॉक्सला आलेल्या मुख्याध्यापकांच्या पँटला चोच मारली. मी तक्रार केली की बाबा म्हणायचे, “त्याला कागदपत्रं आवडत नाहीत, पोरी. लष्करी माणूस आहे.”

बाबा माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील तर जनरलशी शंभर बोलायचे. सकाळी मक्याची भाकरी दुधात कुस्करून स्वतःच्या हातानं भरवायचे. मला कधी भरवल्याचं आठवत नाही. असो.

ईस्टर झाल्यावर आठवड्याभरानं जनरल लंगडायला लागला. डावा पाय टेकवायचा, लगेच उचलायचा, आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात इकडेतिकडे बघायचा. बाबांनी त्याला उचललं, वरून खाली अंगठा फिरवला, डोळे मिटून मान डोलावली आणि निकाल दिला, “वरचा सांधा सरकलाय. गच्चीवरून उडी मारताना झालं असणार. चार दिवसांत पळायला लागेल.”

ते चार दिवस काही संपेनात. रोज सकाळी बाकावरचे रोगी हलले की आमचा खेळ सुरू. मी जनरलच्या डोक्यावर माझा अ‍ॅप्रन टाकायचा, त्याला काखेत दाबून धरायचं, आणि बाबांनी अर्निकेचा पाला मुरवलेली दारू चोळायची. डोळे झाकले की मोर शांत होतो म्हणतात. आमचा होत नाही. त्याच्या पायामागच्या काट्यानं माझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडले. शाळेतल्या पोरी विचारायच्या, “बाई, मांजर पाळलंत का?” मी सांगायचे, “नाही, वडील पाळलेत.”

आठ दिवसांनी बाबांनी बोरूच्या कामट्या तासून पायाला बांधल्या आणि वर जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या. संध्याकाळी जनरल त्या सगळ्या सरंजामासकट उडून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला आणि सकाळी धाडकन खाली आला. कामट्या मोडल्या. पुन्हा बांधल्या, पुन्हा मोडल्या. मी म्हटलं, त्याला धुण्याच्या खोलीत कोंडू. बाबा म्हणाले, “जनरलला कोठडीत टाकायचं?” तिसऱ्यांदा कामट्या मोडल्यावर मी त्यांना न विचारता कोंडला. त्यानं माझ्या स्वच्छ चादरींवर जे काही केलं ते सांगत नाही.

आणि गावात उंटावरचे शहाणे काय थोडे आहेत? खाटकाची बायको म्हणाली डुकराची चरबी लावा. बसड्रायव्हर म्हणाला त्याला मादी आणा, पाय आपोआप बरा होईल. पाद्रीबाबा रविवारच्या प्रार्थनेनंतर म्हणाले, “प्राण्यांनाही आशीर्वाद देता येतो, इमेल्दा.” मी म्हटलं, “फादर, तुम्ही त्याला धरा, मी आशीर्वाद देते.” तेव्हापासून ते माझ्याकडे चर्चची पत्रकं झेरॉक्सला देत नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात पंजा सुजून काळपट दिसायला लागला. एका सकाळी पट्टी सोडताना मला वास आला. मी पंजाला हात लावला, तो गार होता. उजवा गरम, डावा गार. जनरलनं दोन दिवस भाकरीला चोच लावली नव्हती आणि पहाटेची बोंबही बंद झाली होती. इतकी वर्षं त्या बोंबेला शिव्या घातल्या, आणि आता पाच वाजता मी अंथरुणात डोळे उघडे ठेवून तिचीच वाट बघत होते.

“बाबा, हा पाय मरतोय,” मी म्हटलं. “चोळून काही होणार नाही. पलीकडच्या गावात गुरांची डॉक्टरीण आहे. यादिरा तिचं नाव. तिच्याकडे नेऊ.”

“ती शेळ्यांना टोचते.”

“मग याला टोचेल.”

“तिनं टोचलेल्या शेळ्या शेवटी कुणाकडे येतात? माझ्याकडे.” त्यांनी पायावर अंगठा फिरवला, नेहमीसारखाच, वरून खाली. “सांधा बसत आलाय. मला हाताला कळतंय. तू वह्या विक.”

“पंजाला वास येतोय, तो नाही कळत?”

“हात कुणाचा आहे, तुझा का माझा?”

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं आपटलं. त्याचा कान तुटला. पातेल्याचा, बाबांचा नाही.

गुरुवारी बाबांच्या वारलेल्या जुन्या मित्राच्या नवव्या दिवसाची प्रार्थना होती, दोन गावं पलीकडे. ते काळी टोपी घालून सकाळी निघाले. बस वळणाआड गेल्याबरोबर मी दुकानाला कुलूप लावलं, जनरलला आईच्या जुन्या शालीत गुंडाळलं आणि भाड्याची गाडी बोलावली. त्याचं शेपूट गाडीत मावेना, म्हणून खिडकीतून बाहेर काढलं. असं अख्ख्या गावातून मिरवत मी वडिलांच्या पाठीमागे मोर डॉक्टरला दाखवायला नेला. म्हणजे गुप्तता अगदी उत्तम राखली.

यादिराचा दवाखाना पेंडीच्या दुकानामागे आहे. पोरगी तिशीचीही नसेल, पायांत गमबूट. तिनं बाबांच्या पट्ट्या कापल्या, कोमट पाण्यात पाय बराच वेळ बुडवून ठेवला आणि काट्याच्या खालची खपली चिमट्यानं हळूहळू सोलायला लागली. तोपर्यंत मी तिला मोडलेल्या कामट्यांची सगळी कर्मकथा ऐकवली होती.

“सांधा ठीक आहे,” ती म्हणाली. “वर काहीच झालेलं नाही. हे बघा.”

खपलीखाली मांसात एक चर पडला होता, पायाभोवती गोल. त्या चरातून तिनं चिमट्यानं काहीतरी उचललं आणि कात्रीनं कापलं. तो तुकडा तिनं पाण्यात खळबळला, तेव्हा त्याचा रंग दिसला. लाल इलॅस्टिक होतं. फायलींना लावायचं असतं ते. माझ्या दुकानातलं.

मी पेंडीच्या पोत्यावर बसले.

आमच्याकडे मुलीचा पंधरावा वाढदिवस लग्नासारखा करतात; जानेवारीत अशाच एका मुलीचे फोटो काढायला सगळं खटलं आमच्या अंगणात आलं होतं. फुगीर झग्यातली मुलगी, तिच्या मावश्या, आत्या, फोटोवाला. दोन तास त्या बायका जनरलकडे बघून ‘किती देखणा, किती देखणा’ करत होत्या. आमच्याकडे कुणी कशाचं कौतुक केलं तर त्याला हात लावायला सांगतात, म्हणजे नजर लागत नाही. बाळाचं कौतुक केलं तर बाळाच्या गालाला हात लावूनच पुढे जायचं. पण जनरलला हात कोण लावणार? त्या गेल्यावर मी त्याच्या पायाला लाल दोरा बांधला. गावात कुणीही बांधला असता. त्यानं तो चोचीनं तोडला. दुसरा बांधला, तोही तोडला. मग तुटणार नाही असं काहीतरी हवं म्हणून मी दुकानातून इलॅस्टिक कापून आणलं आणि दोन वेढे दिले. पंधरा दिवसांनी लाल काही दिसेना. मला वाटलं, हेही तोडलं मेल्यानं. तोवर ते कातडीच्या आत गेलं होतं.

“कुणी बांधलं हे?” यादिरानं विचारलं.

“आमच्याकडे पोरंटोरं येतात,” मी म्हटलं. सेहेचाळीस वर्षांच्या बाईनं खोटं बोलावं ते असं.

“चार दिवस आणखी गेले असते तर अख्खा पंजा गळून पडला असता. आता मागचं एक बोट जाईल. बाकीचं वाचेल बहुतेक.” ती सुई भरत होती. “पक्ष्यांचं हेच अवघड असतं. दुखतंय ते चेहऱ्यावर येऊच देत नाहीत. रानात दाखवलं तर कुणीतरी खाईल ना. याला किती दुखलं असेल, आणि हा बघा कसा बसलाय.”

जनरल टेबलावर बसून भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघत होता. मला एकदम रडू आलं. तीन आठवडे मी या जनावराला रोज काखेत आवळून धरत होते आणि त्याच्या जखमेवर दारू चोळून घेत होते, आणि वर त्यालाच शिव्या देत होते. यादिरानं मला एक कापसाचा बोळा दिला. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

घरी आले तेव्हा बाबा ओसरीत बाकावर बसले होते, टोपी मांडीवर. बसमधून उतरल्या उतरल्या त्यांना निदान सहा जणांनी बातमी दिली असणार. माझ्या हातातल्या जनरलकडे, त्याच्या पायाच्या पांढऱ्या पट्टीकडे त्यांनी पाहिलं.

“काय म्हणाली शेळ्यांची डॉक्टरीण?”

मी भांडायच्या तयारीनं आले होते. वाटेत पंधरा वाक्यं जुळवली होती, एकापेक्षा एक टोचणारी. त्यातलं एकही तोंडातून निघेना. मी जनरलला खाली ठेवलं आणि यादिरानं तो तुकडा बांधून दिलेली कागदाची पुडी उघडून त्यांच्या पुढ्यात धरली.

“हे पायात रुतलं होतं. सांध्याला काही झालेलं नाही. आणि हे मीच बांधलं होतं, बाबा. नजर लागू नये म्हणून. मग वाटलं, तोडलं त्यानं.”

त्यांनी तो तुकडा उचलायला हात पुढे केला. चिमटीत येईना. दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी तो तळहातावर ओतून घेतला आणि नुसताच बघत राहिले.

“कुठं होतं?”

“काट्याच्या खाली.”

“म्हणजे माझा अंगठा रोज याच्यावरून जात होता.”

मी रिकामी पुडी चुरगाळली.

“तू बांधलंस ते बांधलंस,” ते म्हणाले. “तुझी आई असती तर तिनंही बांधलं असतं. पण मला हे लागायला पाहिजे होतं, पोरी. तांदळाएवढा खडा मी चरबीच्या खाली सांगायचो. आंधळ्यालासुद्धा हे लागलं असतं.”

मग त्यांनी सांगितलं. दोन वर्षं त्यांची बोटं बधिर आहेत. आधी करंगळ्या, मग सगळी. डॉक्टरनं साखरेमुळे म्हणून सांगितलं होतं, ते कागद त्यांनी कपाटात विजारींच्या खाली ठेवले होते. शर्टाची बटणं आरशात बघून लावतात. कॉफी गरम आहे की गार, ते ओठाला लावल्यावर कळतं. आणि मी एकाच घरात राहून दोन वर्षं हेच म्हणत होते की बाबा हल्ली किती हळू झालेत.

“मग इतकी माणसं कशी बरी केलीत?” मी विचारलं. मला खरंच राग आला होता. बाकावर बसलेली ती सगळी माणसं मला दिसत होती. “दोन वर्षं लोकांच्या माना कशा फिरवल्यात?”

“तोंडाकडे बघून.” त्यांनी मान वर केली नाही. “माणूस दुखलं की तोंडानं सांगतं. भुवई हलते, ओठ मिटतो. मी दाबत जातो आणि बघत जातो. कुठं दुखतंय ते कळतं, बाकी पंचावन्न वर्षांचा अंदाज. तेवढ्यावर भागत होतं. मानांना हात लावणं मी केव्हाच सोडलंय, तुला माहीत नाही. त्यांना सांगतो, आज चंद्र बरोबर नाही.” ते जनरलकडे बघायला लागले. “हा मात्र काही बोललाच नाही मला.”

रात्रीच्या जेवणाला त्या दिवशी आम्ही दोघंही बीन्सची वाटी पुढे घेऊन नुसते बसलो. मी त्यांच्यावर चिडले होते, स्वतःवर त्याहून जास्त, आणि ओरडायला घरात तिसरं कुणी नव्हतं.

दहा दिवसांनी जनरलचं मागचं बोट वाळून गळून पडलं. त्यानंतर आठवड्यानं एका पहाटे पाचला त्यानं बोंब ठोकली आणि मी उशीत तोंड खुपसून हसले. तो चालायला लागला, जरा एका बाजूला कलून, पण छाती तशीच काढून. आणि गावानं काय करावं? गावानं जाहीर केलं की नाबोर मास्तरांनी मोराचा मेलेला पाय जिवंत केला. गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेलं शेपूट ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तेच पुढे होऊन सांगत होते. सोमवारी बाकावर जागा पुरेना. दोन माणसं तर शेजारच्या तालुक्यातून आली.

बाबा ओसरीत उभे राहिले आणि म्हणाले, “मी आता हाडं बसवत नाही. शहरात मोठा दवाखाना आहे, तिथं जा.”

लोक हसले. मास्तर गंमत करतात. कुणीही उठलं नाही.

पहिला नंबर बेनिग्नाचा होता, मक्याच्या भाकऱ्यांच्या दुकानवालीचा. पीठ मळून मळून तिचं मनगट धरलं होतं. “मोराला उभं केलंत मास्तर, माझ्या मनगटाचं काय घेऊन बसलात?”

“मोराला डॉक्टरणीनं उभं केलं.”

“हो, हो. मोठी माणसं असंच म्हणतात.”

“माझ्या बोटांना काही कळत नाही आता, बेनिग्ना. खरं सांगतोय.”

“माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, तरी बँडमध्ये ट्रंपेट वाजवतोच ना? नुसता हात ठेवा. तेवढ्यानंही बरं वाटतं.” आणि तिनं मनगट त्यांच्यापुढे धरलं.

दुकानाच्या दारातून मी हे ऐकत होते आणि माझं डोकं फिरत होतं. माणूस आयुष्यात पहिल्यांदा ‘मला येत नाही’ म्हणतोय, आणि कुणी ऐकून घेईल तर शपथ. मी पुढे होऊन सगळ्यांना हाकलून देणार होते, तेवढ्यात बाबा वळले.

“इमेल्दा, दुकान बंद कर. गरम पाण्यानं हात धुऊन ये.”

“मला त्यातलं काय येतं?”

“काही येत नाही ते मला माहीत आहे. ये.”

मी हात धुऊन आले. त्यांनी मला त्यांच्या स्टुलावर बसवलं, स्वतः बाजूला उभे राहिले आणि माझा अंगठा धरून बेनिग्नाच्या मनगटावर ठेवला. त्यांची पकड भलतीच घट्ट होती, आपण किती जोरात धरलंय ते त्यांना कळत नव्हतं. “सावकाश दाबत वर जा,” ते म्हणाले. मी दाबलं आणि दुखतंय का म्हणून बेनिग्नाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. “तोंडाकडे बघू नकोस. ती माझी खोड आहे. डोळे मीट.”

मी डोळे मिटले. अंगठ्याखाली आधी नुसतं गरम मांस, मग हाड, आणि हाडाच्या कडेला काहीतरी बारीक, ताणलेलं. दाबलं की ते कट्कन बाजूला सरकत होतं.

“लागलं,” मी म्हटलं.

बाबा माझ्या कानाशी वाकले. त्यांच्या श्वासाला कॉफीचा वास येत होता.

“कसं लागतंय?” त्यांनी विचारलं. “सांग ना मला, पोरी. कसं लागतंय हाताला?”